अडीच सेकंदांचा हिशोब

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन स्लॉटबद्दलचा, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायच्या त्या खेळाबद्दलचा, तुझा मेसेज वाचला. तू लिहितोस, "काका, इथे ब्रिटनमध्ये सगळं लायसन्सवालं आहे, स्पिन मुद्दाम हळू केलेत, माझ्या वयाला दोन पौंडांच्या वर लावताच येत नाही, मग घाबरायचं काय?" आणि शेवटी विचारतोस, टर्बो, म्हणजे चाकं भरधाव फिरवायची सोय, चालणारी एखादी साइट कुणाच्या माहितीत आहे का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. वेळ काढून वाच, आणि वाचताना फोनवर गेम उघडा ठेवू नकोस.

तू ज्या नियमांचा भरवसा धरतोस ते खरे आहेत आणि चांगले आहेत, हे आधी मान्य करतो. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे जुगारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटला अट घातली की एक डाव सुरू केल्यापासून पुढचा सुरू करता येईपर्यंत किमान अडीच सेकंद गेलेच पाहिजेत. ऑटोप्ले, म्हणजे डावामागून डाव आपोआप चालू राहणं, बंद झालं. बटण दाबून धरलं की चाकं आपोआप फिरत राहतील, हेही बंद. दर डावाला बोट उचलायचं आणि पुन्हा टेकवायचं. टर्बो गेलं, क्विक स्पिन गेलं. एकाच स्क्रीनवर दोन-तीन स्लॉट शेजारी-शेजारी खेळवायची सोय गेली. जानेवारी २०२५ पासून बाकीच्या ऑनलाइन कॅसिनो खेळांना किमान पाच सेकंदांची अट आली. मग ९ एप्रिल २०२५ पासून एका स्पिनला जास्तीत जास्त ५ पौंड, आणि २१ मेपासून १८ ते २४ वयाच्या मुलांना २ पौंड.

फिरती चाकं बोटाने मध्येच थांबवायची सोयही याच नियमाने काढून टाकली, आणि त्यामागचं कारण तुला कळायला हवं. तू बटण दाबतोस त्याच क्षणी रँडम आकडा निघतो आणि डावाचा निकाल लागतो. त्यानंतर स्क्रीनवर जे फिरतं ते नुसतं चित्र. पण बोटाने चाक थांबवलं आणि एक चिन्ह थोडक्यात हुकलं, की वाटतं आपला हात जरा लवकर पडला, पुढच्या वेळी जमेल. तिथे जमण्यासारखं काहीच नसतं. कॉलेजात संभाव्यता शिकवताना मी हे फळ्यावर सिद्ध करून दाखवायचो आणि मुलं माना डोलवायची. तरी बटण समोर आलं की ते पटलेलं टिकत नाही, म्हणून ते बटणच काढावं लागलं.

आता पैशांकडे येऊ. तुझ्या गेमच्या माहितीत आरटीपी, म्हणजे खेळणाऱ्याला सरासरीने परत मिळणारा हिस्सा, ९६ टक्के लिहिलंय. तू त्याचा अर्थ असा घेतलास की ५० पौंड टाकले तर ४८ हातात राहतात. ते ९६ टक्के तू खात्यात भरलेल्या रकमेवर नसतात, प्रत्येक स्पिनला लावलेल्या रकमेवर असतात. जिंकलेले पैसे तू पुन्हा लावतोस, त्यावर पुन्हा चार टक्के कटतात. तुझ्या ५० पौंडांतले निम्मे, म्हणजे २५ पौंड, सरासरीने जायला एकूण ६२५ पौंड फिरावे लागतात. दोन पौंडांच्या हिशोबाने ते झाले ३१२ स्पिन. स्पिन सेकंदाला एक असता तर हे पाच मिनिटांत उरकलं असतं. अडीच सेकंदांच्या नियमाने तेरा मिनिटं लागतात. जर्मनीत १ जुलै २०२१ पासून सरासरी पाच सेकंद आणि स्पिनला एक युरोची मर्यादा आहे. तिथे तेवढेच आकडे युरोत धरले तर बावन्न मिनिटं. पाच, तेरा, बावन्न. नियमाचा खेळणाऱ्यावर होणारा सगळ्यात मोठा परिणाम हा आहे आणि तो खरोखर मोठा आहे. पण तिन्ही ठिकाणी जाणारे पैसे तेवढेच, २५. रिक्षा ट्रॅफिकमध्ये सावकाश चालली म्हणून मीटर शून्यावर येत नाही.

सरासरी म्हणजे प्रत्येक रात्री असंच होईल असं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. एखाद्या रात्री ५० चे दोनशे होतील, आणि तीच रात्र तू मला स्क्रीनशॉट काढून पाठवशील. बाकीच्या रात्रींचे स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही.

हाच हिशोब तुझ्या पगाराला लावून बघ. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास काम. एप्रिल २०२५ चा किमान वेतनाचा दर धरला, १२.२१ पौंड, तर आठवड्याचे २४४ होतात, कर-बिर सोडून. आणि दोन पौंडांनी एक तास न थांबता खेळलास तर १४४० स्पिन, २८८० पौंडांची उलाढाल, त्यावर चार टक्के म्हणजे ११५. एवढ्या वेगाने सलग तासभर कुणी खेळत नाही म्हणशील. बरं, निम्म्या वेगाने खेळ, ५७ गेले. तरी तुझी मालाची पेटी उचलण्याची जवळपास पाच तासांची शिफ्ट एका तासात संपली. सगळे सुरक्षिततेचे नियम पाळून.

अजून एक गोष्ट जवळून बघ. वीस ओळींच्या स्लॉटवर तू दर ओळीला दहा पेन्स लावतोस, मिळून दोन पौंड. एका ओळीवर तीन चिन्हं जुळतात आणि ८० पेन्स परत येतात. तुझं १ पौंड २० पेन्सचं नुकसान झालं. जुन्या गेममध्ये इथे घंटा वाजायची, नाणी उडायची, 'विन' म्हणून अक्षरं झळकायची. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामाचं मोजमाप घेऊन दाखवलं की अशा खोट्या जिंकण्यावर शरीर खऱ्या जिंकण्यासारखंच उत्तेजित होतं. ब्रिटनमध्ये लावलेल्या पैशांइतकं किंवा त्याहून कमी परत आलं तर आता जल्लोष दाखवता येत नाही. आणि बसल्यापासून किती वेळ गेला, निव्वळ किती गेले, हे स्क्रीनवर दिसलंच पाहिजे. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या कोपऱ्यात ती ओळ आहे. तू क्रॉप करताना ती अर्धी कापली आहेस.

नियमांनी काय साधलं? कमिशनने २०२३ मध्ये २०२१ च्या बदलांचा आढावा घेतला, तेव्हा खेळण्याची तीव्रता कमी झाल्याचं दिसलं, आणि वेग गेला म्हणून लोकांनी लावण्याची रक्कम वाढवली असं घडलं नव्हतं. मला यात समाधान वाटतं. कुणाच्या तरी घराचं भाडं यामुळे वाचलं असेल. पण नियम वेगाला आहे, वेळेला नाही. पाचाऐवजी तेरा मिनिटं पुरणारे पैसे घेऊन तू तीन तास बसलास तर नियमाने दिलेलं सगळं तू परत केलंस. जर्मनीने तासाभराच्या खेळानंतर पाच मिनिटांची सक्तीची विश्रांती आणि महिन्याला हजार युरोंच्या भरण्याची मर्यादा जोडली, ती याच कारणाने. आणि तू लॅपटॉपवर एका कंपनीचा गेम, हातात फोनवर दुसऱ्या कंपनीचा, असं खेळतोस हे तुझ्या रूममेटकडून कळलं. त्याच्यावर रागावू नकोस. दोन कंपन्यांमध्ये विभागून खेळलास की तुझ्यापुरते अडीच सेकंदांचे सव्वा झाले.

मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे. "स्पिन संपेपर्यंत वैताग येतो," असं तू लिहिलंयस. अडीच सेकंद! लिफ्टचं दार बंद व्हायला याहून जास्त वेळ लागतो. एवढा वेळ असह्य होतो याचा अर्थ जिंकण्या-हरण्यातली मजा केव्हाच मागे पडली आहे, आता पुढचा डाव लगेच हवाय, बस. स्लॉट वेगाने खेळला की मधे विचाराला फटच उरत नाही. हरलेल्याचं वाईट वाटायच्या आत पुढचं चाक फिरलेलं असतं. नियमाने ती फट पुन्हा उघडून दिली आहे आणि तिच्यात जो वैताग वर येतोय तो तुझाच आहे, गेमचा नाही. तो लक्ष देऊन ऐक. तुला नेमकं काय टाळायचंय, परीक्षा, एकटेपणा, की बाबांनी काढलेलं कर्ज, ते तिथेच कळेल.

म्हणून टर्बोच्या साइटचं उत्तर साधं आहे: ब्रिटनमध्ये बसून जिथे अर्ध्या सेकंदाला स्पिन पडतो आणि हजार डावांचं ऑटोप्ले लावता येतं, ती साइट या देशाच्या लायसन्सखाली असूच शकत नाही. मग तिथला ९६ टक्क्यांचा आकडा तपासणारं कुणी नाही, जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. टेलिग्रामवरून येणाऱ्या त्या लिंका डिलीट कर. नाताळात पुण्याला गेल्यावरही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, तरी बाहेरून चालणाऱ्या ॲपची जाहिरात मित्रांच्या ग्रुपवर येणारच, आणि त्या ॲपना ना अडीच सेकंदांची अट, ना दोन पौंडांची.

आता काय करायचं ते. गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःला जुगाराच्या साइटपासून दूर ठेवायच्या यादीत, आजच नाव नोंदव. फुकट आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं निवडता येतात, आणि इथल्या लायसन्सवाल्या सगळ्या साइट एकदम बंद होतात. मुदत संपेपर्यंत नोंदणी मागे घेता येत नाही, म्हणून रात्री नको, सकाळी डोकं शांत असताना कर, पण कर. मी एक वर्ष सुचवेन, म्हणजे प्रबंध देऊन होईल. मग बँकेच्या ॲपमध्ये जुगाराच्या व्यवहारांवर ब्लॉक टाकायची सोय असते, ती चालू कर. रात्री हात शिवशिवले तर जुगारात अडकलेल्यांना मदत करणाऱ्या गॅमकेअर संस्थेची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, ०८०८ ८०२० १३३, आणि मलाही उठवलंस तरी चालेल. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, जुगाराच्या व्यसनासाठी वेगळी क्लिनिक आहेत. तिथे जायला लाज वाटायचं कारण नाही, पाय मुरगळला तर डॉक्टरकडे जातोसच ना.

शनिवारी जेवायला ये. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन ये, कापाकापी न करता. पुढच्या महिन्याचं भाडं कसं भागवायचं ते आधी बघू. घरी मी काही कळवलेलं नाही. बाबांना कधी आणि कसं सांगायचं ते तू ठरव, पण फीचा हप्ता जानेवारीत आहे, त्याच्या आत सांग. फोन करताना शेजारी कुणी हवं असेल तर मी बसेन.

तुझा,
काका