बेळगावात हॉटेलच्या किचनमध्ये भावाचा हात उकळत्या तेलानं भाजला, मालक म्हणतो चूक त्याचीच. भरपाई मिळेल का?

मिळेल. कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरतं. कढई उतरवताना हात निसटला की सांडलेल्या तेलावरून पाय घसरला, यानं भरपाई बुडत नाही. दारूच्या नशेत होता, किंवा सुरक्षेचा नियम अथवा साधन त्यानं मुद्दाम धुडकावलं, एवढ्याच सबबी मालकाला आहेत. साधा निष्काळजीपणा त्यात बसत नाही.

तुम्ही लिहिलंय की भाऊ चंदगड तालुक्यातला, वय 25, पगार 12,000 रोख, नेमणूकपत्र नाही, आणि दवाखान्याचं बिल भरून मालक मोकळा झालाय. बिल भरणं ही त्याची वेगळी जबाबदारी आहे. उपचाराला दिलेला पैसा भरपाईतून वजा होत नाही.

आधी ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना) बघा. हॉटेलात 10 किंवा जास्त माणसं असतील (भांडी धुणारा, सप्लायर, सगळे धरून) आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर ईएसआय लागू होतं. मग पैसे मालकाकडून नाही, ईएसआयकडून मिळतात: विश्रांतीच्या काळात मजुरीच्या सुमारे 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा रक्कम. अपघात नोकरीच्या पहिल्या दिवशी झाला तरी हक्क असतो. मालकानं नावच नोंदवलं नसेल तर ईएसआयच्या शाखेत लेखी तक्रार द्या; कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करण्याची तरतूद कायद्यात आहे.

ईएसआय लागू नसेल तर कर्मचारी भरपाईचा रस्ता. 1923 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. हिशेबाची रीत तीच: पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा). 12,000 चे 60 टक्के 7,200. 25 व्या वर्षाचा गुणक 216.91; म्हणजे 15,61,752. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं ठरलं, तर 3,12,350 रुपये.

ही टक्केवारी ठरते कशी, इथेच बहुतेक दावे कमजोर पडतात. तुटलेल्या बोटांचे आकडे कायद्यातच छापलेत: अख्खी तर्जनी 14 टक्के, तिचं एक पेर 9 टक्के. भाजण्याला असा तयार आकडा नाही, सगळं डॉक्टरांच्या दाखल्यावर. त्यात नुसतं ‘हाताचं अपंगत्व इतके टक्के’ लिहून आणू नका. तवा, झारा, सुरी धरता येत नाही म्हणून आचाऱ्याच्या कामात कमाईची क्षमता किती गेली, ते लिहून घ्या. दाखल्याची घाईही नको. भाजलेली कातडी पुढे कित्येक महिने आवळत जाते, बोटं वाकडी राहू शकतात. फिजिओथेरपी संपल्यावर खरी स्थिती कळते. तोवर काम बंद असेल, तर पगाराच्या 25 टक्के दर पंधरवड्याला मिळायला हवेत, म्हणजे इथे 3,000.

आता कागद. केसपेपरवर ‘घरी स्टोव्हवर भाजलं’ असं लिहिलं गेलं असेल तर तो सर्वांत मोठा धोका. हॉटेलचा माणूस सोबत जातो आणि तसं सांगतो, हे फार वेळा होतं. आजच डॉक्टरांना भेटून खरी हकीकत लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. नोकरीचा पुरावा म्हणून फोनपेवर आलेली उचल, ड्युटीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, किचनमधले फोटो, सोबतच्या वस्तादाचा जबाब, हे सगळं चालतं. फोटोत विजेचा ग्राइंडर, एक्झॉस्ट दिसू द्या, कारण विजेवर उत्पादन चालणाऱ्या जागेतला कामगार भरपाईच्या कायद्यात बसतो. हॉटेलचं किचन म्हणजे उत्पादन प्रक्रिया, असं सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये ईएसआयच्या खटल्यात मानलं आहे, त्याचा इथेही आधार घेता येतो. मालकाला तारीख, वेळ, कारण लिहून पोचपावतीसह स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं.

दावा कुठे? सीमाभागातल्या माणसांना हे कुणी सांगत नाही: अपघात जिथे झाला तिथे, किंवा कामगार जिथे राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो. म्हणजे बेळगाव किंवा कोल्हापूर जिल्हा. माझं मत: सोबतचे कामगार साक्षीला उभे राहणार असतील तर बेळगाव, कारण रजा पाडून ते कोल्हापूरला यायचे नाहीत. साक्षीदार नसेल आणि भाऊ गावीच असेल, तर कोल्हापूर सोयीचं. खानापूरची पोरं गोव्यातल्या किचनमध्ये भाजतात, त्यांनाही गावाकडून दावा करता येतो. मोफत वकिलासाठी 15100 वर फोन करा.

मालक बहुधा 30-40 हजार पुढे करून कन्नडमधल्या कागदावर सही मागेल. वाचता येत नसेल तर सही नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईच्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. हक्क सोडल्याचं खासगीत लिहून घेतलेलं कायद्यात चालत नाही, तेव्हा अशी सही आधीच झाली असली तरी दावा करा.