युरोपला जाणारा वायू रशियाने चीनकडे वळवला का? मग दुसरी पाइपलाइन का रखडली?

तुमचा प्रश्न असा आहे : युरोपने रशियाचा वायू घेणं कमी केल्यावर रशियाने तोच वायू चीनला द्यायला सुरुवात केली. मग दोघांचं इतकं सख्य असताना 'पॉवर ऑफ सायबेरिया २' ही दुसरी पाइपलाइन इतकी वर्षं का अडली?

आधी पहिल्या वाक्याबद्दल, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. तो वायू वळवलेला नाही. युरोपला जाणारा वायू येतो पश्चिम सायबेरियातून, यामाल द्वीपकल्पाच्या बाजूने. चीनला पहिल्या पाइपलाइनमधून मिळतो तो पूर्व सायबेरियातला : याकुतियातलं चायांदा आणि इर्कुत्स्क प्रांतातलं कोविक्ता या दोन क्षेत्रांतला. या क्षेत्रांचा युरोपशी कधीच संबंध नव्हता, कारण दोन्हीकडची पाइपलाइनची जाळी एकमेकांना जोडलेलीच नाहीत. बोटीने जाणारा एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला वायू) गिऱ्हाईक बदललं की दुसऱ्या बंदराकडे नेता येतो. पाइप एकदा जमिनीत गेला की त्याचं गिऱ्हाईक ठरलं.

मी वायूवाहिन्यांच्या कामावर वीसेक वर्षं वेल्डिंग तपासणी केली आहे, बहुतेक गुजरात आणि कोकणात. आमच्याकडे छत्तीस इंची पाइप म्हणजे मोठा. सायबेरियातला तो १४२० मिलिमीटरचा, म्हणजे छप्पन इंची. थंडीत तापमान उणे ५० च्याही खाली जाणारा तो मुलूख. वेल्डिंगआधी जॉइंट नीट तापवला नाही तर तडा जाण्याची भीती, आणि दलदल असल्याने बरंचसं काम जमीन गोठलेली असतानाच करावं लागतं. रशियाच्या हद्दीत अशी सुमारे ३,००० किमी लाइन त्यांनी टाकली. ब्लागोवेश्चेन्स्क आणि चीनमधलं हैहे या समोरासमोरच्या शहरांजवळ ती आमूर नदीच्या तळाखालून बोगद्यांतून पलीकडे जाते. राजकारण काही असो, या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्या सीमेचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. आमूरला मिळणाऱ्या उसुरी नदीतल्या एका बेटावरून १९६९ मध्ये दोन्ही सैन्यांनी एकमेकांवर गोळीबार केला होता, माणसं मेली होती. सीमेचा शेवटचा तंटा मिटायला २००४ साल उजाडावं लागलं. म्हणून या पाइपलाइनकडे पाहताना मैत्रीपेक्षा सौद्याची भाषा वापरलेली बरी.

सौदा कसा झाला ते बघा. रशियाची सरकारी वायू कंपनी गॅझप्रॉम आणि चीनची सरकारी तेल-वायू कंपनी सीएनपीसी यांची बोलणी दहाएक वर्षं दरावरच अडकली होती. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला, पाश्चात्त्य निर्बंध सुरू झाले, आणि २१ मे २०१४ रोजी शांघायमध्ये सह्या झाल्या : ३० वर्षं, दरवर्षी ३८ अब्ज घनमीटर. भारत वर्षभरात जेवढा नैसर्गिक वायू वापरतो त्याच्या निम्म्याहून हे जास्त आहे. घाई कोणाला होती हे त्या तारखाच सांगतात.

तेलाच्या बाबतीत हे आधीच घडून गेलं होतं. २००९ मध्ये, मंदीत अडचणीत आलेल्या रशियन कंपन्यांना चीनने २५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं; बदल्यात २० वर्षं दरवर्षी दीड कोटी टन तेल. रशियातल्या स्कोव्होरोदिनोहून चीनमधल्या दाचिंगला जाणारी लाइन २०११ च्या पहिल्या दिवशी सुरू झाली आणि लगेच वाहतूक खर्चावरून भांडण लागलं. चीन कमी पैसे देतोय अशी रशियाची तक्रार होती. शेवटी २०१२ मध्ये रशियाने बॅरलमागे दीड डॉलर सूट दिली. लाइन टाकून झाली होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला एकच खरेदीदार होता. न्यायालयात गेलं तरी तेल कुठे नेणार?

आता दुसऱ्या पाइपलाइनचं. ती खरोखरच यामालकडचा, म्हणजे एकेकाळी युरोपला जाणारा वायू, मंगोलियामार्गे चीनला नेईल. क्षमता ५० अब्ज घनमीटर. एकट्या मंगोलियातला टप्पाच साडेनऊशे किमीच्या पुढे. रशियाला ती तातडीने हवी आहे, कारण २०२१ मध्ये युरोपीय संघाला पाइपने सुमारे १४० अब्ज घनमीटर जात होते आणि १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमधून जाणारा मार्गही बंद झाला. चीनला मात्र घाई नाही. तुर्कमेनिस्तानहून २००९ पासून वायू येतो, म्यानमारहून २०१३ पासून येतो, कतार आणि ऑस्ट्रेलियाच्या बोटी येतात, घरचं उत्पादन वाढतंय. कोणा एकावर विसंबायचं नाही हे बीजिंगचं जुनं धोरण, आणि युरोपचं काय झालं ते त्यांनीही पाहिलं आहे.

दरासोबत दुसरी मेख असते 'टेक ऑर पे'ची. ठरलेल्या प्रमाणात वायू उचला, नाही उचलला तरी पैसे द्या, अशी ती अट. विकणाऱ्याला ही अट जितकी कडक तितकी बरी, नाहीतर पाइप टाकायला कर्ज कोण देणार? घेणारा ती सैल करायला बघतो. माझ्या मते सगळी ओढाताण या दोन मुद्द्यांवर आहे. बाकी शिखर परिषदांतली भाषणं मी फारशी मनावर घेत नाही.

तरीही 'हे सहकार्य पोकळ आहे' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिल्या लाइनमधून २ डिसेंबर २०१९ ला वायू सुरू झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, ठरल्यापेक्षा थोडं आधीच, ती पूर्ण क्षमतेवर पोचली. साथ आली, युद्ध सुरू झालं, पण प्रवाह वाढतच गेला. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या सखालिन बेटाकडून येणाऱ्या तिसऱ्या मार्गाचा करारही फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला. त्यातून २०२७ मध्ये वायू द्यायचं ठरलं आहे.

आणि दुसरी पाइपलाइन? २ सप्टेंबर २०२५ रोजी गॅझप्रॉमचे प्रमुख अलेक्सेई मिलर यांनी तिच्यासाठी बंधनकारक सामंजस्य करार झाल्याचं जाहीर केलं. पहिल्या लाइनचं प्रमाण ३८ वरून ४४ अब्ज घनमीटरवर नेण्याचंही ठरलं. दर काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की तो स्वतंत्रपणे कळवला जाईल.