घरातली दारं बसवताना: वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की दारांबद्दलच्या प्रश्नांची रीघ लागते आणि त्यातले निम्मे तेच तेच असतात. म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

बेडरूमचं फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट लाकडी दार) फुगून चौकटीला घासतंय. मिस्त्री म्हणतो, लगेच रंधा मारू. मारू द्यावा का? (रत्नागिरी)

घाई नको. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. ते ढिले झाले की पल्ला कडीच्या बाजूने झुकतो आणि घासायला लागतो, त्यालाच लोक ‘फुगलं’ म्हणतात. स्क्रू घट्ट असतील तर स्टुलावर चढून पल्ल्याच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. कोरं, खरखरीत लाकूड हाताला लागलं तर ओल तिथून शिरते आहे. दोन्ही बाजूंना सनमायका चढवतात. वरची आणि खालची कड दिसत नाही, म्हणून ती तशीच सोडून देतात. जुलैत तासलेलं दार जानेवारीत आक्रसतं आणि मग फट राहते. दार अजिबातच लागत नसेल तर घासतं तिथे खडूने खूण करून तेवढंच तासा. दिवाळीनंतर पल्ला उतरवून सगळ्या कडांना सीलर (ओल शिरू न देणारा लेप) आणि रंगाचे दोन हात द्या. तरीही दरवर्षी फुगत असेल तर भिंतीतल्या ओलीची तपासणी करून घ्या.

सात फुटी दाराला दोन बिजागऱ्या पुरतात का? (सोलापूर)

नाही. तीन लावा, ४ इंची.

आधी फरशी की आधी दार? (नाशिक)

लाकडी चौकट प्लास्टरच्या आधी, पल्ला फरशी झाल्यावर.

दुकानदार ‘मरीन, वॉटरप्रूफ, आजीवन गॅरंटी’ सांगतो आणि आयएस ७१०चा हवाला देतो. विश्वास ठेवावा? (पुणे)

आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचं मानक आहे. लाकडी फ्लश दाराचं मानक आयएस २२०२. दारावर तो क्रमांक, आयएसआय खूण आणि परवाना क्रमांक असला पाहिजे. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो. आतला गोंद पाण्यात टिकतो याचा अर्थ लाकूड पाणी पीत नाही असा होत नाही. ‘आजीवन’ म्हणजे किती वर्षं आणि कशाची, हे बिलावर लिहून मागा. आणखी एक. मापाचं दार नसलं की ‘तीन इंच कापून देतो’ म्हणतात. फ्लश दाराच्या कडेला आतून लाकडी पट्ट्यांची चौकट असते. तीच कापली गेली तर बिजागरीचा स्क्रू धरणार कशात? मापाचं दार बनवून घ्या.

वडील ७९ वर्षांचे आहेत. बाथरूमचं दार आत उघडतं, आतून टॉवर बोल्ट (सरकवायची कडी) आहे. दार बदलायचंच आहे, पण शेजारी म्हणतात, बाहेर उघडणारं दार वास्तूला चालत नाही. (डोंबिवली)

वास्तूचं ऐकून हा निर्णय घेऊ नका, कळकळीने सांगतो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये पाय घसरलेला माणूस दाराला लागूनच पडतो. मग आत उघडणारं दार त्याच्या अंगावर अडतं. बाहेरून जितकं ढकलाल तितका भार त्याच्यावर पडतो. टॉवर बोल्ट बाहेरून उघडत नाही, म्हणजे दार फोडायचं, तेही पडलेल्या माणसावर! म्हातारं माणूस असलेल्या घरात बाथरूमचं दार बाहेरच उघडलं पाहिजे, जागा नसेल तर सरकतं करा. नुसत्या बिजागऱ्या उलट्या लावून मात्र भागणार नाही. पल्ला बसायची चौकटीची खाच आतल्या बाजूला असते, त्यामुळे चौकटीचं काम निघतंच. ती ग्रॅनाइटची असेल तर बहुधा नवीनच करावी लागते. बोल्ट आजच काढा. त्याजागी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं बाथरूम लॉक लावा आणि घरातल्या प्रत्येकाकडून, कामाच्या मावशींकडूनही, एकदा उघडून घ्या. पुढे व्हीलचेअर लागू शकते असं डॉक्टर म्हणत असतील तर ९०० मिमीची मोकळी वाट हवी. जुन्या फ्लॅटमध्ये एवढी रुंदी क्वचितच मिळते. त्यासाठी भिंत फोडायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची लेखी परवानगी. ‘ही पार्टिशनचीच भिंत आहे’ हे मिस्त्रीने सांगून चालत नाही. आणि हे काम ‘सणानंतर बघू’ म्हणून टाळू नका.

बाथरूमच्या दाराखालची फट रबराच्या पट्टीने बंद करू का? आत गॅस गीझर आहे. (कोल्हापूर)

मुळीच नको. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो. फट उघडी ठेवली म्हणजे धोका टळला असंही नाही. कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाला बोलावून गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर तो लावू नका.