वाचक विचारतात : गोलेम, रोबो आणि हनुकाची वात

प्रश्न : 'रोबो म्हणजे प्रागच्या गोलेमचाच (ज्यू दंतकथेतल्या, मंत्राने जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याचाच) पुढचा अवतार' ही थिअरी चाहते छातीठोकपणे मांडतात. कितपत खरी?

बरीचशी खरी. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' हे रोबोंवरचं नाटक 1920 साली प्रागमध्येच छापलं गेलं. हा गोलेमच्या दंतकथेचाच आधुनिक अवतार आहे हे पुढे चापेकने स्वतः मान्य केलं, पण नाटक लिहून झाल्यावर ते ध्यानात आलं असंही सांगितलं. त्यामुळे 'अमुक प्रसंग तमुक कथेतून उचलला' अशा जोड्या लावत बसण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय त्यातले रोबो धातूचे नाहीतच. कारखान्यात कृत्रिम मांसाचा लगदा मळला जातो, नसा आणि आतडी सूत कातावं तशी कातली जातात आणि मग जुळणी होते. पत्र्याचा रोबो डोळ्यांसमोर ठेवून काढलेले निष्कर्ष इथेच ढासळतात.

थिअरीतला खरा कच्चा दुवा मात्र प्रागमध्येच आहे. गोलेम घडवणारा म्हणून ज्यांचं नाव घेतात ते रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहूदा लो, म्हणजे 'महारल', 1609 साली वारले. त्यांच्याच काळातला, त्याच गावातला बखरकार दाविद गान्स. महारल आणि सम्राट रुडॉल्फ यांची 1592 ची भेट त्याने नोंदवली आहे, गोलेमबद्दल चकार शब्द नाही. महारलच्या नावावर ही कथा छापून आली ती थेट एकोणिसाव्या शतकात. गोलेम घडवल्याचं 1580 हे साल आणि खुनाच्या खोट्या आळातून ज्यूंना सोडवणारा गोलेम हा सगळा मसाला यूडल रोझेनबर्गच्या 1909 च्या पुस्तकातला. म्हणजे ज्या 'प्राचीन' कथेचे दाखले चाहते देतात, तिचं हे रूप चापेकच्या नाटकाहून जेमतेम 11 वर्षांनी जुनं!

प्रश्न : गोलेमला बंद करण्याची सोय होती का?

होती, दोन प्रकारची. प्रागच्या कथेत देवाचं नाव लिहिलेला कागद तोंडात ठेवतात आणि शुक्रवारी सांजेला, शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागण्याआधी, काढून घेतात. पोलंडमधल्या हेल्मच्या रब्बी एलियांच्या कथेत कपाळावर 'एमेत' (सत्य) लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर आलेफ पुसलं की 'मेत' (मृत) उरतं. घोळ या दुसऱ्या प्रकारात आहे. गोलेम दिवसेंदिवस वाढत जातो आणि कपाळ हाताच्या टप्प्याबाहेर जातं. मालक त्याला जोडे काढायला लावतो, तो वाकताच अक्षर पुसतो, आणि मातीचा सगळा ढीग मालकाच्याच अंगावर कोसळतो. बंद करायची कळ यंत्राच्याच अंगावर आणि यंत्र वाढतं. आजच्या रोबोकथांतले निम्मे पेच इथूनच निघतात.

प्रश्न : मग रोबो सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनागृहातल्या) प्रार्थनेच्या दहा जणांत धरता येईल?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण हेल्मच्या त्याच एलियांच्या वंशातले रब्बी त्स्वी अश्केनाझी (मृत्यू 1718) यांनी तो गोलेमबद्दल गंभीरपणे हाताळला आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा जणांचं मिन्यान लागतं. गोलेम चालेल का? त्यांचं उत्तर नकारार्थी. आधार तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला : रावा या रब्बीने माणूस घडवून रब्बी झेराकडे पाठवला. झेरा बोलले, त्याला उत्तर देता येईना, तेव्हा 'तुझ्या धुळीत परत जा' म्हणून त्यांनी त्याला संपवलं. मिन्यानमध्ये त्याचा काही उपयोग असता तर त्यांनी त्याला नष्ट केलं नसतं, हा युक्तिवाद.

प्रश्न : हनुकाचे (ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाचे) दिवे रोबोकडून लावून घेतले तर? आणि शुक्रवारी दिवे लवकर विझतात, काय चुकतं?

ज्याच्यावर विधीचं बंधनच नाही त्याने लावलेला दिवा धरला जात नाही. अजाण मुलाबद्दलही तालमूद हेच सांगतो. यंत्र तर दूरच.

शुक्रवारचं गणित बहुतेक घरांत चुकतं. हनुकाची ज्योत अंधार पडल्यावर किमान अर्धा तास टिकली पाहिजे. शब्बाथ लागल्यावर आग पेटवता येत नाही, म्हणून हनुकाचे दिवे शब्बाथच्या मेणबत्त्यांच्याही आधी, सूर्यास्तापूर्वी लावतात. त्यामुळे अर्ध्या तासात संपणारी बारकी मेणबत्ती त्या दिवशी कुचकामी. दीड तास पुरेल इतकं तेल आधीच घाला. पुरेसं तेल घालून लावलेला दिवा वाऱ्याने विझला तर विधी झालेलाच असतो. तेलच कमी असेल तर नाही.

आठ रात्रींना शमाश, म्हणजे लावायचा दिवा, धरून 44 मेणबत्त्या लागतात. मांडायच्या उजवीकडून डावीकडे, लावायच्या डावीकडून, नवी आधी. ज्योती एकमेकींत मिसळू देऊ नका. मेणबत्त्या फार जवळ असल्या की शेजारची वितळून वाकते.

प्रश्न : बेने इस्राएलींना (कोकणातल्या मराठी ज्यूंना) पूर्वी हनुका माहीत नव्हता, म्हणजे ते इ.स.पू. 164 च्या आधीच कोकणात आले, हे बरोबर?

आमच्या मते हा पुरावा लंगडा आहे. 164 मध्ये जेरुसलेमच्या मंदिराचं पुनःशुद्धीकरण झालं, त्याचा हा सण. तो तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, नाही. नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागलेली सात जोडपी आणि बुडालेले ग्रंथ, अशी समाजाची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे शनिवार तेली म्हटल्या जाणाऱ्या या समाजाकडे टिकलं ते शेमा ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि काही सण, तेही मराठी नावांनी : योम किप्पूर झाला दारफाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण. ग्रंथांवाचून हनुका विसरला जाणं सहज शक्य आहे. ज्याची आठवण नाही तो सण कधी पाळलाच नव्हता, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रश्न : मलिद्याचे (बेने इस्राएलींच्या गोड प्रसादाचे) पोहे लगदा होतात.

पातळ पोहे घेत असणार. जाडे घ्या, चाळणीतच धुवा, दहा मिनिटं निथळू द्या. अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ, पाव किलो साखर, वेलची, सुका मेवा. साखर शेवटी घाला, आधी घातली की पाणी सुटतं. फळं पोह्यांत कालवू नका, कडेने मांडा : झाडाच्या आणि जमिनीच्या फळांचे आशीर्वाद वेगळे म्हणायचे असतात. केळं जमिनीच्या फळांत मोडतं, खजूर झाडाच्या.