चरणजीत सिंग यांच्या १९८२च्या अल्बममधून ‘ॲसिड हाऊस’ संगीत जन्मलं, हे खरं आहे का? तो अल्बम तेव्हा चालला का नाही?

जन्मलं असं म्हणता येणार नाही. ‘ॲसिड हाऊस’ म्हणजे यंत्रांवर तयार होणारं, क्लबमध्ये नाचायचं संगीत. त्याची सुरुवात मानलं जाणारं शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ साली आलं आणि चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी त्याच्या पाच वर्षं आधीची, एवढं खरं. पण शिकागोच्या त्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असा कसलाही धागा मिळत नाही. दोन्हीकडे रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे एकच यंत्र होतं, म्हणून आवाज इतका जवळचा वाटतो. आणि मला विचाराल तर ‘पहिला कोण’ या वादात त्या रेकॉर्डमधलं संगीतच बाजूला पडतं.

चरणजीत सिंग मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतले वादक. गिटार, बेस, कीबोर्ड, सगळं वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे त्यांनी काम केलं, लग्नसमारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही चालवला. सिंगापूरहून त्यांनी नवी यंत्रं आणली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि हे टीबी-३०३. ‘कुर्बानी’ (१९८०) येऊन गेला होता, हिंदी सिनेमात सगळीकडे डिस्को वाजत होतं. ठेका डिस्कोचा ठेवायचा, तबला काढून टाकायचा आणि वर राग वाजवायचे, असं त्यांनी ठरवलं. घरी तयारी केली आणि एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रण केलं.

आता ३०३ मुळात कशासाठी होतं ते बघा. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. त्यात सोळा घरांत सूर भरून ठेवायचे, मग तेच आवर्तन फिरत राहतं. बेस गिटारसारखं ते काही वाजत नव्हतं, त्यामुळे वादकांनी नाकारलं आणि १९८४ पर्यंत उत्पादनही थांबलं. पण त्यात एक सोय आहे: एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. ज्याच्या कानात मींड (रागसंगीतातली अशीच घसर) बसलेली आहे त्याला याचं काय करायचं हे सांगावं लागत नाही! शिकागोत आवर्तन तेच ठेवून नॉब फिरवत आवाजाचा पोत बदलत नेला. इथे आवर्तन रागाच्या सुरांत बांधलेलं आहे आणि वर ज्युपिटरवर हाताने आलाप, ताना चालतात. खाली यंत्र आणि वर माणूस, ही वाटणी मला फार आवडते.

दहा राग असे: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यातले बरेच पाच सुरांचे आहेत, आणि माझ्या कानाला तेच सर्वांत जमलेले वाटतात. सोळा घरांच्या आवर्तनात पाच सूर मोकळे श्वास घेतात. तोडी मात्र मला अपुरी वाटते. तिचा अतिकोमल (नेहमीच्या कोमलापेक्षाही किंचित खालचा) गंधार कीबोर्डच्या ठरावीक पट्ट्यांत सापडतच नाही, मग उरतो फक्त सुरांचा आराखडा.

चालला का नाही? रेडिओवर त्याचे तुकडे वाजले, पण विक्री झाली नाही. कारण माझ्या मते साधं आहे: तो ऐकणार कोण होतं? मैफलीतल्या श्रोत्याला ड्रम मशीन खटकणार, नाचणाऱ्याला शब्द आणि गायक हवेत. नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ (१९८१) घराघरांत गेला तो तिच्या गळ्यामुळे. इथे गाणंच नाही. भैरवीत तेवढा यंत्रातून काढलेला ‘ॐ नमः शिवाय’ ऐकू येतो. आणि केवळ यंत्रांच्या संगीतावर रात्रभर नाचायचे क्लब तेव्हा आपल्याकडे नव्हतेच.

पुढे एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही रेकॉर्ड सापडली. त्यांनी मुंबईत चरणजीत सिंगांना गाठलं आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलतर्फे ती पुन्हा काढली. युरोपात अनेकांना ती थापच वाटली. कुणीतरी आजच्या संगीतकाराने जुन्या नावाखाली खपवली असणार, अशी शंका घेतली गेली. मग सत्तरीत चरणजीत सिंग स्वतः तिकडे जाऊन हे राग मंचावर वाजवू लागले आणि तरुण पोरं त्यावर नाचली. जुलै २०१५मध्ये ते मुंबईत वारले. निदान ही दाद त्यांना जिवंतपणी मिळाली, याचं मला मनापासून बरं वाटतं.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर आधी कलावती, मग मालकंस. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खालचं ३०३ ऐकूच येत नाही. चांगले हेडफोन घ्या.