प्लेटलेट, निळ्या शिरा आणि ओ गटवाले : वाचकांचे प्रश्न

पावसाळा आहे त्यामुळे ह्यावेळी निम्मी पत्रं डेंग्यूचीच आलीत. त्यातलं एक घेतलंय, बाकी रक्ताबद्दलचेच इतर प्रश्न.

प्रश्न : आमच्या ह्यांना डेंग्यू झालाय, आज पाचवा दिवस. प्लेटलेट काल ६८ हजार होत्या, आज ४२ हजार. डॉक्टर म्हणतात चढवायची गरज नाही. धाकटे दीर रक्त द्यायला तयार आहेत, गट पण जुळतो, मग सरळ त्यांचंच रक्त का नाही चढवत? आणि पपईच्या पानांचा रस देऊ का?
– एक वाचक, मिरज

ताई, हे छापून येईपर्यंत तुमचे हे घरी येऊन भाजी निवडायला पण बसले असतील, पण दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दिरांचं रक्त. मी रक्तपेढीत बरीच वर्षं काढली, तिथे आलेली पिशवी शक्यतो तशीच्या तशी कोणाला चढवत नाहीत. वरण थोडा वेळ तसंच ठेवलं की डाळ खाली बसते न वर निवळ येतं ना, तसंच रक्ताचं होतं, फक्त आम्ही घाई करतो, मशीनमध्ये गरागरा फिरवतो. खाली गडद लाल थर, तो लाल पेशींचा, वर फिक्कट पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मधे एक पातळ पांढुरकी रेघ, त्यात पांढऱ्या पेशी न बऱ्याचशा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण. प्लाझ्मा निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के, आणि त्यातलं ९० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी. (कोणी वडापाव हाणून रक्तदानाला आला असेल तर तो प्लाझ्मा दुधासारखा पांढरट दिसतो, आम्हाला लगेच कळतं.)

आता गंमत अशी की तिघांचे नखरे वेगवेगळे. लाल पेशींना फ्रीज लागतो, २ ते ६ डिग्री, तिथे त्या ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर राहतो. आणि प्लेटलेटना थंडी अजिबात चालत नाही, २२ डिग्रीच्या आसपास एका सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवायच्या, पाळण्यात बाळ ठेवल्यासारख्या, आणि तरी पाचच दिवस. म्हणजे दिरांची पिशवी अख्खी फ्रीजमध्ये ठेवली तर प्लेटलेट वाया, आणि ताजी चढवली तर ह्यांना नको असलेल्या लाल पेशीच जास्त मिळणार. शिवाय एका पिशवीतून निघणाऱ्या प्लेटलेटनी आकडा वाढून वाढतो किती, तर पाच ते दहा हजार. मशीनला जोडून एकाच माणसाच्या नुसत्या प्लेटलेट काढून घेतात, त्या पिशवीने तीस ते पन्नास हजार वाढतात, पण ती महाग असते न रक्तदात्याला तास-दीड तास खुर्चीत अडकून बसावं लागतं.

पण मुळात ४२ हजार हा घाबरायचा आकडा आहे का? हा आकडा एका मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे थेंबाचा साधारण पन्नासावा भाग, तेवढ्याशात ४२ हजार. कुठून रक्त येत नसेल तर बहुतेक डॉक्टर दहा हजाराच्या खाली गेल्याशिवाय चढवायचा विचार करत नाहीत. डेंग्यूत खरा धोका वेगळाच असतो आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात न प्लाझ्मा झिरपून बाहेर जातो, रक्त दाट होतं, बीपी पडतं. रिपोर्टात पीसीव्ही म्हणून एक ओळ असते, रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते सांगणारी, ती बघा. ४० होता न ४८ झाला म्हणजे लाल पेशी वाढल्या नाहीत हो, पाणी कमी झालं. डॉक्टर पाणी पाजा म्हणतात, सलाईन लावतात ते ह्याच्यासाठी. आणि हे नेमकं ताप उतरायला लागल्यावर सुरू होतं, जेव्हा घरचे म्हणतात चला सुटलो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, काळी शी, एकदम सुस्ती, ह्यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेट कितीही असोत, ताबडतोब दवाखान्यात.

पपईचा रस कडूजहर असतो, त्याने उलट्या वाढल्या तर पोटातलं पाणी पण जाणार. मी माझ्या घरी देत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन-ब्रुफेन बिलकुल नको.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. तो विचारतो रक्त लाल असतं तर हातावरच्या शिरा निळ्या का दिसतात?
– पालक, नाशिक

शिरेतलं रक्त पण लालच, फक्त काळपट लाल. आम्ही रोज सिरिंजमध्ये बघतो, निळं कधीच आलं नाही. निळसर दिसतं ते उजेड कातडीतून आत जाऊन परत येतो त्या खेळामुळे. लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यात लोह असतं, ऑक्सिजन धरून ठेवतं ते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मोडते, लोह परत वापरलं जातं न उरलेल्याचा पिवळा रंग होतो. मुक्का मार लागल्यावर काळंनिळं झालेलं पुढे हिरवट-पिवळं होतं ना, ते हेच. पोराला म्हणावं गुडघा आपटलास की रोज बघत जा.

प्रश्न : पांढऱ्या पेशी १४,००० आल्या, नेटवर ब्लड कॅन्सर दाखवतंय.
– पुणे

नेट बंद करा. ४ ते ११ हजार नॉर्मल, घसा सुजला, दाढ पिकली तरी १४ हजार होतात. लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग म्हणजेच पू. डॉक्टरांना दाखवा, बरं वाटल्यावर एकदा परत तपासा, झालं.

प्रश्न : माझा ओ निगेटिव्ह आहे, म्हणजे माझं रक्त कोणालाही चालतं ना?
– एक रक्तदाता, ठाणे

लाल पेशी जवळजवळ सगळ्यांना चालतात. प्लाझ्मा नाही! तुमच्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींच्या विरुद्धच्या अँटीबॉडी आहेत, तिथे गणित उलटं, एबी वाल्यांचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो.

आणि तुमच्या शेजारच्या मुंबईतली एक गोष्ट. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले की ज्यांच्या लाल पेशींवर ए ची खूण नाही, बी ची नाही आणि ओ वाल्यांकडे असते ती एच ची खूण पण नाही. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. पेशींची साधी तपासणी केली की हा माणूस ओ च दिसतो, पण त्याच्या प्लाझ्मात एच च्या विरुद्धच्या अँटीबॉडी असतात, म्हणून ओ चं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही उलटी तपासणी पण करतो, त्याचा प्लाझ्मा घेऊन त्यात ओ च्या पेशी टाकायच्या, गुठळ्या झाल्या की सगळे कामं सोडून त्या नळीभोवती गोळा होतात. अशा माणसाला बॉम्बे ग्रुपचंच रक्त लागतं, म्हणून रक्तपेढ्या त्यांची वेगळी यादी ठेवतात न गरज पडली की रात्री दोनला पण फोन लावतात.