नीटमध्ये मार्क कमी पडले तर इंग्लंडमध्ये बीएससी बायोमेडिकल सायन्स करावं का? पुढे डॉक्टर होता येतं का?

प्रश्नाखालच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की मुलीला नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क नाहीत, एजंटने इंग्लंडचा हा तीन वर्षांचा कोर्स सुचवलाय, आणि घरच्यांचं म्हणणं आहे, 'डॉक्टर नाही तर नाही, डॉक्टरच्या जवळपास तरी.' हे 'जवळपास तरी' वाचलं आणि हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसले. मी हाच कोर्स इंग्लंडमध्ये केला, आता तिथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते, आणि हे वाक्य मिरजेच्या माझ्या मामांनी मला दर सुट्टीत ऐकवलंय. मामा डॉक्टर आहेत.

तर आधी सरळ उत्तर. डॉक्टरच व्हायचं असेल तर हा कोर्स करू नका. पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा मेडिकलचा कोर्स असतो हे खरं. वॉरिकची मेडिकल स्कूल तर फक्त पदवीधरच घेते. पण जागा थोड्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्याहून थोड्या, कित्येक ठिकाणी एकही नाही. यूकॅट किंवा गॅमसॅट ही परीक्षा वेगळी द्यायची आणि फी परत परदेशी दराने भरायची. ते करून भारतात यायचं म्हटलं तर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला मेडिकल कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. चार वर्षांचे ४८ होतात. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

लॅबचं काम करायचं असेल तर मात्र कोर्स चांगला आहे. जवळपासचा वगैरे नाही, चांगला. पहिलं वर्ष पेशी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी. बारावीचं बायो मनापासून केलेल्या मुलीला जड जाणार नाही. फक्त स्टॅटिस्टिक्सकडे दुर्लक्ष करू नये. खरी मजा पुढे, हिमॅटॉलॉजी, ट्रान्सफ्युजन, क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, हिस्टोपॅथॉलॉजी असे विषय सुटे झाले की. ट्रान्सफ्युजनच्या लेक्चरला स्लाइडवर 'बॉम्बे' असा रक्तगट आला तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटीच ताठ बसले होते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. या रक्तात एच अँटिजेनच (लाल पेशींवरचा एक घटक, जो ओ गटातही असतो) नसतो, त्यामुळे साध्या तपासणीत माणूस 'ओ' गटाचा दिसतो. पण त्याला ओ गटाचं रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं. मी कौतुकाने मामांना फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, "भेंडे डॉक्टरच होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण मामांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. "सगळं मशीन करतं. तुम्ही नळ्या घालायच्या आणि कागद काढायचा." याला मात्र उत्तर आहे, आणि ते जरा सविस्तर देते, कारण तुमच्या मुलीलाही कोणीतरी हे ऐकवणारच.

प्लेसमेंटच्या वर्षी, म्हणजे कोर्समधलं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचं वर्ष, मी बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर होते. संध्याकाळच्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाईचं सॅम्पल आलं. फॉर्मवर एवढंच, की घरात पडल्या. मागितलेली तपासणी म्हणजे नेहमीची किडनीची: सोडियम, पोटॅशियम, युरिया, क्रिएटिनिन. सोडियम ठीक, क्रिएटिनिन ठीक, आणि पोटॅशियम ८.७. नॉर्मल साधारण ३.५ ते ५.३ असतं. ८.७ म्हणजे हृदय कधीही थांबेल असा आकडा. असा रिझल्ट आला की वॉर्डला ताबडतोब फोन करायचा असतो, आणि फोन गेला की तिकडे ईसीजी, कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन-ग्लुकोज अशी धावपळ सुरू होते.

सॅम्पल हिमोलाइज झालंय का, म्हणजे लाल पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलंय का? नाही, ते दाखवणारा इंडेक्स स्वच्छ. खूप वेळ पडून राहिलेलं? नाही, नुकतंच काढलेलं. आदल्या दिवशीचं पोटॅशियम ४.२. किडनी शाबूत असलेल्या बाईचं पोटॅशियम एका दिवसात दुप्पट कसं होईल? मी सीनियरला म्हटलं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक एन्झाइम) लावून बघूया का? डॉक्टरांनी ते मागितलेलं नव्हतं. सीनियरने नुसती मान हलवली. कॅल्शियम आलं ०.८, जे २.२ च्या वर हवं. फॉस्फेटेज जवळजवळ नाहीसं. मग प्रश्न मिटला. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. आमची तपासणी पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमधून होते. रक्त काढणाऱ्याने आधी जांभळी भरली असेल, किंवा पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं असेल. ईडीटीए पोटॅशियम देऊन जातं, कॅल्शियम बांधून टाकतं, आणि फॉस्फेटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही पळवतं. ०.८ कॅल्शियम असलेला माणूस धड राहूच शकत नाही.

सीनियरने फोन माझ्या हातात दिला. नर्सला विचारलं, पेशंट कशा आहेत? म्हणाली, चहा पितायत, बिस्किट नरम झालं म्हणून तक्रार आहे. पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं, पिवळी ट्यूब आधी. नवं पोटॅशियम ४.३. ठणठणीत पोटॅशियम असलेल्या बाईला इन्सुलिन द्यायचं टळलं.

हे सगळं मी मावसबहिणीच्या लग्नात, पंगत उठायच्या आत, मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मग मशीननेच कॅल्शियम आपोआप का नाही लावलं?" आता बऱ्याच लॅबमध्ये लावतं. तसा नियम घालून ठेवलेला असतो. पण मामा, तो नियम घातला कोणी? मशीनने पोटॅशियम अगदी बरोबरच मोजलं होतं. ट्यूबमध्ये खरोखरच ८.७ होतं. बाईच्या अंगात नव्हतं. हा फरक ओळखायला जे शिकावं लागतं ते म्हणजे हा कोर्स, आणि नीटमधल्या मार्कांवरून ते कोणाला जमेल हे कळत नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत मेडिकलची जागा हुकलेली मुलं होतीच, पण लॅबसाठीच आलेली मुलंही होती. पहिल्या प्रकारातली काही जण तीन वर्षं फुरंगटून बसली आणि शेवटी बँकेत लागली. मुलीला फुरंगटून पाठवू नका एवढंच म्हणेन.

आता नोकरीचा आणि पैशाचा भाग. इंग्लंडमध्ये नुसती डिग्री घेऊन लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून काम करता येत नाही. ते पदनाम कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. नोंदणीसाठी डिग्री आयबीएमएसने, म्हणजे बायोमेडिकल सायंटिस्टांच्या व्यावसायिक संस्थेने, मान्य केलेली हवी (ही संस्था १९१२ साली लॅब असिस्टंटांनी काढली, डॉक्टरांनी नाही, मामांसाठी नोंद) आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये ट्रेनिंग पोर्टफोलिओ, म्हणजे शिकलेल्या कामाच्या पुराव्यांची फाइल, पूर्ण करावा लागतो. डिग्री मान्य नसेल तर कमी पडणारे विषय नंतर वेगळे पैसे भरून करा. पोर्टफोलिओला साधारण वर्ष जातं. तो प्लेसमेंटच्या वर्षात झाला तर तीनाचा कोर्स चार वर्षांचा होतो, पण बाहेर पडताना मुलगी नोंदणीला तयार असते आणि एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्य सेवा) बँड ५ या पगारश्रेणीपासून सुरुवात करू शकते. पुढे स्पेशालिस्ट पोर्टफोलिओ केला की बँड ६. प्लेसमेंट नाही मिळाली तर मात्र पदवीनंतर ट्रेनी किंवा असिस्टंटची नोकरी शोधा, आणि तिथे व्हिसा आडवा येतो.

म्हणून युनिव्हर्सिटीला ईमेल करून दोनच गोष्टी विचारा: हा कोर्स आयबीएमएस-मान्य आहे का, आणि गेल्या वर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांना हॉस्पिटलची प्लेसमेंट मिळाली. दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर ती युनिव्हर्सिटी सोडा. माहितीपत्रकावरच्या पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुलींवर जाऊ नका.

भारतात परत येऊन लॅब काढायचा बेत असेल तर तेही आधी ऐका. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. इंग्लंडची ही पदवी तिथे उपयोगी नाही. मुलीला महाराष्ट्रातच राहायचं असेल तर इथली बीएमएलटी ही लॅब टेक्नॉलॉजीची पदवी बरी, खर्च कितीतरी कमी आणि हात लवकर बसतो. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं म्हणाल, पण मामांचा विषय निघाला की असंच होतं.

आणि हो, मी शिकले तेव्हाचे व्हिसाचे नियम आता राहिले नाहीत. पदवीनंतर राहून काम करायचा ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांचा असतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिनेच मिळतील. त्यात ट्रेनिंगचं वर्ष बसवायचं म्हटलं तर नोकरी शोधायला हाताशी फार दिवस राहत नाहीत. फीचा आकडा मुद्दाम देत नाही, प्रत्येक ठिकाणचा वेगळा आहे. वेबसाइटवर 'इंटरनॅशनल'चा रकाना बघा, आणि त्यात व्हिसाबरोबर भरायच्या आरोग्य अधिभाराचे वर्षाला ७७६ पौंड वेगळे धरा. ते एजंटच्या कागदावर बहुधा नसतील.